सीटी ‘नॉर्मल’ आला, तरी पॅरालिसिसचं इंजेक्शन का दिलं?

भांडुपच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या ६६ वर्षांच्या वडिलांची रात्री जेवताना जीभ जड झाली आणि उजव्या हातातला घास ताटात पडला. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे सीटी स्कॅनची सोय नव्हती, म्हणून मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथे धड सलाईनही लागलं नव्हतं, तोच ट्रॉली सीटीकडे नेली. ‘मेंदूत काही दिसत नाही’ असं तोंडी सांगितलं गेलं, आणि तरीही गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं. सही घेतलेल्या कागदावर ‘मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या रात्री पुन्हा सीटी, तिसऱ्या दिवशी एमआरआय. चिरंजीव विचारतात: सीटी नॉर्मल होता तर एवढं धोक्याचं औषध कशाच्या आधारावर दिलं? पहिल्यांदाच एमआरआय का केला नाही? आणि रात्री तिथे रेडिओलॉजिस्ट हजरच नव्हता, तर हे ठरवलं कोणी?

मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारा डॉक्टर, आहे. रेसिडेन्सी महापालिकेच्या रुग्णालयात झाली आणि त्यानंतरची पंचवीसेक वर्षं मुंबईतच गेली. त्यातल्या बऱ्याच रात्री कॅज्युअल्टीतून येणाऱ्या फोनवरच गेल्या. तुमच्या वडिलांच्या प्लेट्स मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत सगळं बरोबरच झालं असं मी म्हणू शकत नाही. पण तुम्ही जो क्रम सांगितलाय, त्यामागचा विचार मी नक्की उलगडून सांगू शकतो.

आपल्याला वाटतं, स्कॅन म्हणजे ‘काय झालंय ते शोधणं’. ओपीडीत ते खरं आहे. कॅज्युअल्टीत मात्र स्कॅनला फार अरुंद प्रश्न विचारलेला असतो: पुढच्या तासाभरात या माणसाला काय द्यायचं, आणि काय अजिबात द्यायचं नाही? तुमच्या वडिलांच्या पहिल्या सीटीला विचारलेला प्रश्न एकच होता: डोक्यात रक्तस्राव आहे का?

पॅरालिसिसचा झटका दोन कारणांनी येतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, किंवा फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तीच वाकडी झालेली जीभ, तोच लुळा हात. निष्णात न्यूरोलॉजिस्टलासुद्धा नुसतं तपासून छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि उपचार मात्र एकमेकांच्या अगदी उलट. तुंबलेल्याला गुठळी विरघळवणारं औषध तारतं, फुटलेल्याला तेच औषध मारतं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी झाला. त्याआधीच्या डॉक्टरांकडे उलटी, डोकेदुखी, शुद्ध हरपणं आणि पाठीतून काढलेलं पाणी एवढाच अंदाजाचा आधार होता. हे यंत्र बनवणाऱ्या हाउन्सफील्ड यांना १९७९ साली कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं, आणि सीटीवरची घनता आजही त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात.

त्या मापावर पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे एक हजार. मेंदूचा करडा भाग पस्तीस-चाळिसाच्या आसपास, ताजं साकळलेलं रक्त पन्नास ते सत्तरच्या घरात. म्हणून ताजा रक्तस्राव प्लेन, म्हणजे शिरेतून काँट्रास्ट औषध न देता केलेल्या, सीटीवर पांढराशुभ्र दिसतो. नवखा रेसिडेंटही सहसा तो चुकवत नाही. याउलट गुठळीमुळे उपाशी पडलेला मेंदू पहिल्या काही तासांत जवळजवळ पहिल्यासारखाच दिसतो. त्यात हळूहळू पाणी भरतं तसा तो काळवंडत जातो, आणि ठळकपणे दिसायला बरेच तास लागतात. पहिल्या दोन-तीन तासांत आम्ही बारीक खुणा शोधतो: करड्या-पांढऱ्या भागांमधली सीमारेषा पुसट झालीय का, एखादी रक्तवाहिनीच पांढरी दिसतेय का. त्या सापडल्या तर ठीक. नाही सापडल्या म्हणून झटका नाही, असं होत नाही.

आता ‘मेंदूत काही दिसत नाही’ हे वाक्य पुन्हा ऐका. तुम्हाला ते ‘वडिलांना काही झालेलं नाही’ असं ऐकू आलं. डॉक्टरांना ते ‘रक्त नाही, इंजेक्शन देता येईल’ असं ऐकू आलं. तो रिपोर्ट म्हणजे औषधाला मिळालेली परवानगी होती. निदान झालं होतं ते तुमच्या वडिलांची जीभ, चेहरा आणि हात तपासून, बोटातून घेतलेल्या रक्ताची साखर पाहून (साखर फार उतरली तरी हुबेहूब असाच झटका दिसतो, म्हणून ती आधी पाहतातच) आणि घड्याळ बघून. हे नीट समजावून सांगायला त्या रात्री कोणाला दोन मिनिटं मिळाली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. ती दोन मिनिटं काढायला हवी होती.

धोक्याबद्दल लपवाछपवी नको. या औषधाचा पहिला मोठा यशस्वी अभ्यास १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात औषध दिलेल्या शंभरातल्या साधारण सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत शंभरात एकाहूनही कमी. तरीही तीन महिन्यांनी आपल्या पायावर, जवळजवळ पूर्ववत झालेली माणसं औषध घेतलेल्यांतच जास्त होती. त्या वेळी मर्यादा तीन तासांची होती. २००८ च्या युरोपातल्या अभ्यासानंतर ती साडेचार तासांवर आली. मर्यादेच्या आत कधीही दिलं तरी सारखंच, असा मात्र याचा अर्थ नाही. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा एक अंदाज २००६ साली मांडला गेला. म्हणून सलाईन नीट लागण्याची वाट न पाहता ट्रॉली धावली. त्यांनी तुमच्या वडिलांकडे दुर्लक्ष केलं नाही, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी केली.

या साडेचार तासांचं घड्याळ सुरू कधी होतं? नातेवाइकांना झटका लक्षात आला तेव्हापासून नाही. माणूस शेवटचा ठणठणीत दिसला, त्या क्षणापासून. काही वर्षांपूर्वी पहाटे एका आजींना आणलं होतं. मुलगा म्हणाला, रात्री दहाला झोपली आणि सहाला उठवायला गेलो तर बोलता येईना. म्हणजे हिशेबाने आठ तास उलटून गेलेले, इंजेक्शनची वेळ संपलेली. सीटीच्या कन्सोलवर बसलेल्या रेसिडेंटला काय वाटलं कोण जाणे, तिने घरी फोन लावायला सांगितला. फोन नातवाने घेतला. दहावीचा अभ्यास करत जागा होता तो. म्हणाला, ‘आजी साडेचारला पाणी प्यायला उठली होती, मला झोप म्हणाली.’ स्पष्ट बोलली का? हो, ओरडलीच. घड्याळ दहावरून साडेचारवर आलं. सव्वासातला आमचा सीटी झाला होता. आजींना इंजेक्शन मिळालं. त्या दिवशी माझ्या रिपोर्टपेक्षा त्या पोराच्या साक्षीने जास्त काम केलं.

आता एमआरआयचं. तुमचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. झटका दाखवण्यात एमआरआय सीटीच्या कितीतरी पुढे आहे, आणि त्यातला डिफ्युजन नावाचा भाग पहिल्या तासाभरातही गुठळीमुळे उपाशी पडलेला मेंदूचा भाग दाखवू शकतो. पण डोक्याचा प्लेन सीटी टेबलावर घेण्यापासून उतरवेपर्यंत पाच-सात मिनिटांत होतो, प्रत्यक्ष स्कॅन तर काही सेकंदांचा. एमआरआयला त्याच्या कित्येक पट वेळ जातो, आणि तेवढा वेळ रुग्णाने अजिबात हलायचं नाही. गोंधळलेला, बोलता न येणारा माणूस हलतोच. त्याआधी पेसमेकर आहे का, डोक्यात जुन्या ऑपरेशनची धातूची क्लिप आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, ही चौकशी होते. ज्याला विचारायचं त्याची वाचा गेलेली असते. आणि एमआरआयचा चुंबक रात्रीसुद्धा बंद नसतो, स्कॅन चालू नसला तरी तो खेचतच असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्याच एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. अत्यवस्थ रुग्णासोबत घाईघाईत माणसं आणि सामान त्या खोलीत शिरतं, तेव्हा आम्हाला धडकी भरते ती याचसाठी.

एक अपवाद आहे. झोपेतून उठल्यावरच झटका लक्षात आला आणि साक्ष द्यायला जागा नातू नसेल, तर एमआरआयवरून झटका किती जुना आहे याचा अंदाज येतो, आणि काही जणांना त्या आधारावर इंजेक्शन देता येतं. २०१८ पासून याला भक्कम पुरावा आहे. पण तुमच्या वडिलांना झटका आला तो जेवताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वेळ ठाऊक असताना एमआरआयसाठी थांबणं म्हणजे हातातली मिनिटं वाया घालवणं होतं.

मी तुमच्या जागी असतो तर एक गोष्ट जरूर विचारली असती: त्याच टेबलावर काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी झाली का? कारण मोठी रक्तवाहिनी तुंबलेली असेल तर नुसतं इंजेक्शन बऱ्याचदा पुरत नाही. जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढावी लागते. २०१५ साली एकापाठोपाठ आलेल्या अभ्यासांनी हे सिद्ध केलं, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही ते करतात. पण हे रुग्णालयावर अवलंबून आहे. मुंबईत हे करणारी केंद्रं आहेत, प्रत्येक ठिकाणी रात्री चमू मात्र नसतो. ‘क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आल्याशिवाय काँट्रास्ट नाही’ हा ओपीडीचा नियम जीव धोक्यात असताना लावायचा नसतो. अशा वेळी किडनीच्या काळजीपेक्षा मेंदूची काळजी मोठी.

रात्री रेडिओलॉजिस्ट हजर नव्हता, ही तुमची तक्रार मी हलक्यात घेत नाही. वस्तुस्थिती अशी की बहुतेक खासगी रुग्णालयांत रात्री टेक्निशियन असतो आणि रेडिओलॉजिस्ट घरून किंवा दुसऱ्या केंद्रातून पडद्यावर बघतो. संपूर्ण प्रतिमा, योग्य दर्जाच्या पडद्यावर, योग्य माणसाने पाहिल्या तर डोळे परळला आहेत की पुण्याला, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. एक, मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो तेव्हा. दोन-चार चित्रांवरून मी ‘मोठा रक्तस्राव आहे’ एवढं म्हणू शकेन, ‘काही नाही’ असं कधीच म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कोणी म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. दोन, फॉर्मवर काही लिहिलेलं नसतं तेव्हा.

या फॉर्मवर थोडं जास्त बोलतो, कारण आमच्या कामाचा निम्मा जीव त्यात असतो. एका रात्री सत्तरीच्या गृहस्थांचा फॉर्म आला. ‘पोटात दुखतंय, सीटी पोट.’ एवढंच. टेक्निशियन किडनी स्टोनच्या हिशेबाने प्लेन सीटीची तयारी करत होता. मी वर फोन केला. पोट दाबून पाहिलं तर मऊ, पण माणूस तळमळतोय, असं कॅज्युअल्टीतला डॉक्टर म्हणाला. नाडी? अनियमित. कुठली गोळी चालू? रक्त पातळ ठेवण्याची होती, दात काढायचा म्हणून आठवड्यापूर्वी स्वतःच बंद केली. हे ऐकल्यावर गुठळीची शंका आली आणि प्लेन सीटीचा प्रश्नच उरला नाही. काँट्रास्ट देऊन केला, आणि आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी गुठळीने बंद झालेली दिसली. सर्जनने तासाभरात पोट उघडलं. थोडं आतडं काढावं लागलं, पण माणूस घरी गेला. प्लेन सीटी झाला असता तर त्यात जवळजवळ काही दिसलं नसतं, आणि ‘नॉर्मल’ असं लिहून मी त्यांना दुखण्याच्या गोळीवर वॉर्डात पाठवलं असतं. यंत्र तेच, डोळेही तेच. फरक केला तो फोनवरच्या तीन प्रश्नांनी.

स्कॅन न करणं हाही आमच्या कामाचा भाग आहे. रेल्वे रुळांवरून उचलून आणलेले रुग्ण मी रेसिडेंट असताना रोज पाहिले. नाडी लागत नाही, रक्तदाब साठवर, अशा माणसाला सीटीत न्यायचं नसतं. त्या बंद खोलीत हृदय थांबलं तर हात चालवायलाही जागा नसते. अशा वेळी सोनोग्राफीचं छोटं मशीन ट्रॉलीपाशीच आणतात. यकृत आणि उजव्या किडनीमधली फट, प्लीहेची बाजू, ओटीपोट आणि हृदयाभोवतीचं आवरण, एवढ्याच जागी पडद्यावर काळं दिसणारं पाणी, म्हणजेच रक्त, आहे का ते पाहतात. दोन-तीन मिनिटांचं काम. रक्त दिसलं आणि रक्तदाब सावरत नसेल तर थेट ऑपरेशन थिएटर. तेच रक्त दिसलं पण माणूस स्थिर आहे, तर मात्र सीटी, कारण फाटलेली प्लीहा कधी कधी न कापताही सांभाळता येते. या सोनोग्राफीलाही मर्यादा आहे. साधारण दोनशे-तीनशे मिलीलिटर रक्त साठेपर्यंत ती गप्प बसू शकते. म्हणून थोड्या वेळाने पुन्हा पाहायची असते.

तसंच, छातीत दुखत असेल तर सगळ्यात आधी ईसीजी, सीटी नाही. पण दुखणं फाडल्यासारखं असेल, पाठीत जात असेल आणि दोन हातांच्या रक्तदाबात फरक असेल, तर महाधमनीची भिंत चिरली गेल्याची शंका येते. तिथे सीटी अँजिओग्राफी केल्याशिवाय रक्त पातळ करणारं काहीही देणं घातक. मुलाच्या अंडकोशात अचानक जोराची कळ आली आणि पीळ पडल्याचं तपासणीतच स्पष्ट असेल, तर सोनोग्राफीच्या रांगेत बसू नये. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर अंडकोश वाचण्याची शक्यता उत्तम असते.

किरणांची भीती बरेच जण विचारतात, म्हणून एवढंच: डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिळतो. ६६ वर्षांच्या माणसाच्या झटक्यापुढे हा विचार करायचाच नाही. आणि गर्भवतीची सोनोग्राफी असेल तर तातडीच्या वेळीही लिंगनिदानविरोधी कायद्याचा एफ फॉर्म भरावाच लागतो. त्या वेळी ओळखपत्र मागणाऱ्या टेक्निशियनवर चिडू नका.

आता उरलेल्या दोन तपासण्या. गुठळीचं इंजेक्शन दिल्यावर पहिले २४ तास अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं साधारणपणे देत नाहीत. २४ तासांनी पुन्हा स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करतात, मगच ती सुरू होतात. तुमच्या वडिलांचा दुसरा सीटी हाच. त्याला वेगळा प्रश्न विचारलेला होता, म्हणून तो पहिल्याची पुनरावृत्ती नव्हता. तिसऱ्या दिवसाचा एमआरआय तातडीचा नव्हता. झटका नेमका कुठे आणि केवढा बसला, तो एकाच रक्तवाहिनीच्या भागात आहे की वेगवेगळ्या भागांत शिंपडल्यासारखा, हे त्यावरून कळतं. शिंपडल्यासारखा असेल तर गुठळी हृदयातून आल्याची शंका बळावते. पैशांची ओढाताण असेल तर हा एमआरआय टाळता येईल का, हे डॉक्टरांना विचारणं रास्त होतं. पहिल्या दोन सीटींबाबत मी तसं म्हणणार नाही.

वेळ गेला असेल तर तो तुमच्या सांगण्यावरून मला एकाच जागी दिसतो: सीटी नसलेल्या नर्सिंग होममध्ये. तुम्हाला दोष देत नाही. रात्री घाबरलेला माणूस जवळचं दार ठोठावणारच. पण आज शांतपणे बसून घरापासून चोवीस तास सीटी चालणारं आणि हे इंजेक्शन देणारं रुग्णालय कोणतं, ते फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. १०८ ला फोन करतानाही ‘पॅरालिसिसचा झटका, इतक्या वाजता सुरू झाला’ असंच सांगा. चालू गोळ्यांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, वडिलांच्या पाकिटात असू द्या. एकदा झटका आलेल्याला पुन्हा येण्याचा धोका असतो, म्हणून हे सांगतोय.

आणि तिन्ही तपासण्यांची सीडी मागून घ्या, नुसत्या प्लेट्स नकोत. वडिलांची वाचा आणि उजवा हात गेला, म्हणजे झटका बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला आहे. पुढच्या भेटीत दोनच गोष्टी विचारा: मानेतल्या डाव्या धमनीत अडथळा आहे का ते डॉपलर सोनोग्राफी किंवा अँजिओग्राफीवर पाहिलंय का, आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात का हे तपासायला चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावायचं ईसीजी यंत्र) लावलाय का. मानेतली धमनी बरीच अरुंद झाली असेल तर तिच्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या दोन आठवड्यांत केल्यास सर्वांत जास्त फायदा होतो. त्यामुळे ही भेट पुढच्या महिन्यावर ढकलू नका.